आईचा कॅमेरा, आईच्या निगेटिव्ह आणि तुमचा पहिला रोल

माळ्यावरून किंवा कपाटाच्या वरच्या कप्प्यातून घरातला जुना कॅमेरा निघाला, की हात आधी त्याच्या मागच्या झाकणाकडे जातो. तेवढं करू नका. आत अर्धा वापरलेला रोल असू शकतो, आणि एकदा उजेड लागला की त्यातले फोटो गेलेच. कॅमेऱ्याच्या वरच्या बाजूला, डावीकडे, रोल परत गुंडाळायची छोटी कळ असते. ती बाणाच्या दिशेने हलक्या हाताने अर्धा फेरा फिरवून बघा. घट्ट लागली तर आत फिल्म आहे. मोकळी गरगर फिरली तर बहुतेक रिकामा.

फिल्म असेल तर कॅमेऱ्याच्या तळाशी असलेलं बारीक बटण दाबा आणि ताण संपेपर्यंत कळ फिरवत राहा. मगच झाकण उघडा, तेही अंधाऱ्या खोलीत. निघालेल्या रोलवर ‘सापडलेला रोल, अंदाजे अमुक साल’ अशी चिठ्ठी लावा आणि फिल्म धुणाऱ्या लॅबला ते स्पष्ट सांगा. पंचवीस-तीस वर्षं पडून राहिलेल्या रंगीत रोलचे रंग उडालेले असू शकतात, पण काळ्या-पांढऱ्याच्या रसायनात धुतला तर आकृत्या तरी हाती लागतात. रोल कोडाक्रोमचा निघाला तर तोच एक मार्ग आहे. त्या फिल्मची रंगीत धुलाई २०१०च्या अखेरीस जगभर बंद झाली.

आमच्या घरात फोटो काढायचं काम आईचं. बाबा उभे राहायचे आणि ‘आटप लवकर, चेहरा दुखला’ म्हणायचे. कॅमेरा पेन्टॅक्स के-१०००, मामाने मस्कतहून आणलेला. ठाण्याच्या नौपाड्यातलं घर सुटलं, आई आमच्याकडे नवी मुंबईत नेरूळला आली, आणि तिच्या सामानाबरोबर कॅमेरा आणि निगेटिव्हनी भरलेला बिस्किटांचा पत्र्याचा डबा आला. पुढचं सगळं त्या दोन वस्तूंवरून लिहिते आहे. तुमच्याकडे दुसरा कॅमेरा असेल आणि तो वडिलांचा, काकांचा किंवा आजोबांचा असेल, तरी कामाचा क्रम तोच ठेवा: आधी माणूस, मग निगेटिव्ह आणि शेवटी कॅमेरा. बहुतेक लोक कॅमेऱ्यापासून सुरुवात करतात. कॅमेरा तसलाच दुसराही मिळेल. आईने काय पाहिलं, कुठे उभी राहिली, काय सोडून दिलं हे फक्त निगेटिव्हमध्ये आहे.

आधी विचारून घ्या

ज्यांचा कॅमेरा आहे ते समोर असतील तर फोनवर रेकॉर्डिंग लावून बसा. ‘तुझ्या आठवणी सांग’ असं म्हटलं की माणूस गप्प होतो किंवा भाषण करतो. त्यापेक्षा बारीक विचारा. रोल कुठून घ्यायचीस? धुवायला कुठे टाकायचीस? कॉपी कोणत्या साइझची काढायचीस? फ्लॅश होता का? कुणी शिकवलं? मी आईला विचारलं, की एका रोलमध्ये बारसं आणि गणपती एकत्र कसे? तर म्हणाली, “अगं, छत्तीस फोटोंचा रोल तो. बारशाला बारा काढले, उरलेले गणपतीपर्यंत पुरवायचे होते. आणि शेवटचे दोन तुझ्या शाळेच्या पहिल्या दिवसासाठी राखून ठेवलेले.”

एवढ्या एका उत्तरातून दोन गोष्टी कळल्या. एका रोलमध्ये सहा-सहा महिने मावतात, म्हणून एका फोटोची तारीख कळली की पुढच्या-मागच्या सगळ्यांची लागते. आणि आई फोटो काढण्याआधी मोजत असे.

माणूस नसेल तर मावशी, आत्या, शेजारी यांना फोटो दाखवा. नावं तरी निघतात. हे काम पुढे ढकलू नका. निगेटिव्ह आणखी दहा वर्षं टिकतील, पण त्यातली तोंडं ओळखणारी माणसं तेवढी थांबतीलच असं नाही.

निगेटिव्ह: आधी वाचवा, मग वाचा

डबा उघडलात की आधी वास घ्या. शिर्क्यासारखा आंबट वास आला तर त्या पट्ट्यांचा प्लास्टिकचा पाया कुजायला लागला आहे. हे एका पट्टीवरून दुसरीकडे पसरतं, म्हणून अशा पट्ट्या लगेच वेगळ्या काढा आणि सगळ्यात आधी त्या स्कॅन करा. डांबराच्या गोळ्या असतील तर काढून टाका. कपड्यांना चालतात, फिल्मला आणि लेन्सला नाही.

पट्टी नेहमी कडेने धरा, शक्यतो सुती हातमोजे घालून. धूळ रबरी ब्लोअरने उडवा. तोंडाने फुंकर मारलीत तर थुंकीचे शिंतोडे बसतात आणि नंतर निघत नाहीत. स्टुडिओचं पाकीट, त्यावरचा बिलाचा नंबर, आईच्या अक्षरातलं ‘सुमनची मंगळागौर’, यातलं काहीही फेकू नका. पाकिटाचा फोटो काढा, त्याच नंबराने पट्ट्या नव्या पाउचमध्ये घाला. पाउच पॉलिप्रॉपिलीनचे घ्या, पीव्हीसीचे नकोत.

ऐंशी-नव्वदच्या दशकातले चिकट पानांचे, वर पारदर्शक कागद असलेले अल्बम हा वेगळाच ताप आहे. तो गोंद फोटोला धरून बसतो. ओढू नका. दातांत फिरवायचा दोरा फोटोच्या मागून करवतीसारखा हळूहळू सरकवा, बहुतेक सुटतात. सोडवण्याआधी अख्ख्या पानाचा फोनवर फोटो घ्या, कारण शेजारी कोणता फोटो लावला होता हीसुद्धा माहितीच आहे. २६ जुलै २००५च्या पावसात ठाणे-कळव्याच्या कितीतरी तळमजल्यांत पाणी शिरलं होतं. अशा भिजून वाळलेल्या अल्बममध्ये फोटो एकमेकांना किंवा फ्रेमच्या काचेला चिकटलेले असतात. काचेला चिकटलेला फोटो उपटायचा प्रयत्न सोडा आणि काचेसकटच स्कॅन करा.

आता वाचन. टॅबलेटवर पूर्ण पांढरा स्क्रीन लावा, त्यावर थोड्या उंचीवर दुधी अ‍ॅक्रिलिकचा तुकडा ठेवा म्हणजे स्क्रीनचे ठिपके दिसणार नाहीत, आणि त्यावर पट्टी ठेवून फोनने फोटो काढा. फोनमध्ये रंग उलटे केले की चित्र दिसतं. जपून ठेवायचा स्कॅन हा नव्हे, नुसती चाळणी आहे. पट्टीच्या कडेला फिल्मचं नाव आणि फ्रेमचे आकडे असतात. अक्षरं सुलट वाचता आली म्हणजे बाजू बरोबर.

महत्त्वाचा आहे तो क्रम. अल्बममध्ये मासुंदा तलावाचा, म्हणजे आमच्या तलावपाळीचा, एकच फोटो आहे: बोटीपुढे उभं कुटुंब, सगळे सरळ. निगेटिव्हमध्ये त्या जागेचे चार आहेत. पहिला तो अल्बममधला. दुसरा तसाच, फक्त मी हललेली. तिसऱ्यात बाबा वैतागून शेंगदाणेवाल्याकडे वळलेत. आणि चौथ्यात आमच्यापैकी कुणीच नाही. शेंगदाणेवाल्याचा मुलगा पुडीचा कागद वळता वळता थेट कॅमेऱ्यात बघतो आहे. आई गुडघ्यावर बसून त्याच्या उंचीवर आली आहे, हे मागच्या कठड्याच्या रेषेवरून कळतं. छत्तीसातला एक फोटो तिने त्या मुलावर खर्च केला, आणि अल्बममध्ये तो लावला नाही.

असं दोन-तीन रोल बघितलंत की सवयी दिसायला लागतात. आईच्या कितीतरी फोटोंत खालच्या कडेला तिची स्वतःची सावली आहे, कारण ‘सूर्य पाठीशी ठेवा’ हा त्या काळचा सर्रास दिला जाणारा सल्ला ती पाळत होती. मुलांचे फोटो ती कधीच वरून काढत नाही. दारातून आत येणाऱ्या माणसाचा तिला सोस आहे. तुमच्या माणसाच्या अशा तीन सवयी वहीत लिहा. त्या पुढे लागणार आहेत.

साल ठरवायला फोटोतल्याच गोष्टी साक्ष देतात. तलावपाळीवर गडकरी रंगायतन दिसतंय? मग १९७८ किंवा त्यानंतरचा. गाडीच्या पाटीवर ‘एमएच ०४’? १९८९च्या आधीचा नाही. वाशी स्टेशनात लोकल उभी आहे? मानखुर्दहून गाडी वाशीला आली १९९२ मध्ये. दुकानाच्या इंग्रजी पाटीवर ‘बॉम्बे’ असेल तर बहुधा १९९५च्या आधीचा, अर्थात पाट्या बदलायला आपल्याकडे कुणाला घाई नसते.

स्कॅनिंगबद्दल थोडक्यात. फिल्मची खाच असलेला फ्लॅटबेड स्कॅनर असेल तर ३५ एमएमच्या पट्टीला २४०० ते ३२०० डीपीआय पुरे. डिजिटल कॅमेरा आणि मॅक्रो लेन्स असेल तर लाइट पॅनलवर पट्टी ठेवून फोटो काढणं जास्त झपाट्याने होतं. स्कॅनरमधली आपोआप धूळ घालवणारी सोय काळ्या-पांढऱ्या निगेटिव्हला बंद ठेवा. ती इन्फ्रारेड उजेडावर चालते आणि चित्र ज्यांचं बनलेलं असतं त्या चांदीच्या कणांनाच धूळ समजते. फायलींच्या तीन प्रती ठेवा, त्यातली एक दुसऱ्या घरी.

आता कॅमेरा

आधी बॅटरी. के-१०००चं झाकण तळाशी असतं, रुपयाच्या नाण्याने उघडतं. आत एलआर-४४ जातीचा बटण सेल लागतो. जुना सेल गळून पांढरी-हिरवी पूड जमली असेल तर कानाच्या काडीवर थोडं व्हिनेगर घेऊन पुसा, मग आयसोप्रोपिल अल्कोहोलने. गळालेला माल क्षार आहे, म्हणून आंबटाने सुटतो. या कॅमेऱ्यात सेल फक्त उजेड मोजायला लागतो, शटर, म्हणजे फिल्मवर क्षणभर उजेड सोडणारा पडदा, बॅटरीशिवाय चालतं. मीटरला बंद करायचं बटण नाही. लेन्सवर टोपी घातली की मीटर झोपतो, म्हणून टोपी हरवू देऊ नका. याशिका इलेक्ट्रो ३५ निघाला असेल तर त्याचा मूळ पाऱ्याचा सेल आता बनत नाही, अडॅप्टर शोधावा लागेल. आणि अ‍ॅग्फा क्लिक थ्री असेल तर त्यात १२० फिल्म बसते, बारा चौकोनी फोटो येतात, आणि ती फिल्म आजही मिळते.

मग शटर. कॅमेरा रिकामा असल्याची खात्री करून मागचं झाकण उघडा, लेन्सचं तोंड खिडकीकडे करा, आणि एक सेकंदापासून १/१००० पर्यंत प्रत्येक वेगावर बटण दाबत मागून बघा. एक सेकंदाचा आवाज अडखळत, कण्हत आला तर आतलं वंगण सुकलं आहे. दुरुस्तीला द्यायची ही वेळ. १/१००० ला फोनवर स्लो-मोशन व्हिडिओ घ्या. फ्रेमचा एखादा भाग काळाच राहत असेल तर पडदा अडकतो आहे.

झाकणाच्या खाचेतला आणि आरशासमोरचा काळा फोम इतक्या वर्षांत डांबर झालेला असतो. दात कोरायच्या काडीने आणि अल्कोहोलने तो खरवडून काढा, आरशाला स्पर्श न करता. खाचेत काळ्या लोकरीचा धागा दाबून बसवला तरी उजेड अडतो. फटीतून उजेड शिरून फोटोवर लाल-नारिंगी पट्टे येतात त्याचं कारण बहुतेक वेळा हा फोमच असतो, कॅमेरा ‘बाद’ झालेला नसतो.

लेन्स काढून एका बाजूने टॉर्च मारा आणि दुसऱ्या बाजूने तिरकं बघा. कोळ्याच्या जाळ्यासारखे तंतू दिसले तर ती बुरशी. कडेला थोडी असेल तर फोटोवर फरक पडत नाही. मध्यभागी पसरली असेल तर जाणकाराकडून उघडून घ्या, स्वतः पाना लावू नका. मुंबईत फोर्टात बोरा बाजाराच्या बाजूला कॅमेऱ्यांची दुकानं आणि दुरुस्ती करणारे आहेत. ठाण्याहून जायला एक सकाळ मोडते, पण ‘कॅमेरा सर्व्हिस’ची पाटी लावलेल्या कुठल्याही मोबाइलच्या दुकानात देण्यापेक्षा ते बरं.

आपल्याकडे खरा शत्रू दमट हवा. ठाण्याच्या खाडीच्या दोन्ही काठांना जूनपासून सप्टेंबरपर्यंत चपला हिरव्या होतात तिथे लेन्सचं काय. कॅमेरा आधी त्या चामड्याच्या केसमधून बाहेर काढा, चामडं ओल धरून ठेवतं. घट्ट झाकणाचा प्लास्टिकचा डबा, त्यात सिलिका जेल आणि आर्द्रता दाखवणारा छोटा मीटर. काटा ४० ते ५० टक्क्यांत राहिला पाहिजे. ६०च्या वर सतत राहिला की बुरशीची सोय झाली. सिलिका जेल नारिंगी दाण्यांचं घ्या. निळ्यात कोबाल्टचा क्षार असतो, स्वयंपाकघरात आणण्यासारखा नाही. दाण्यांचा रंग बदलला की मंद आचेवर, फक्त त्याच कामाला ठेवलेल्या भांड्यात, वाळवून घ्या. ‘पावसात काढू नकोस गं तो बाहेर’ हे आईचं पालुपद मात्र मी अर्धंच पाळते. बंद पडून राहिलेलं शटर जास्त आळशी होतं. महिन्यातून एकदा कोरड्या दिवशी रिकामा कॅमेरा सगळ्या वेगांवर चालवावा.

पहिला रोल

रोल, धुलाई आणि स्कॅन मिळून आज खर्च हजाराच्या पुढे जातो, म्हणून पहिला रोल विचार करून वापरा. आयएसओ (फिल्मला उजेड किती चटकन लागतो त्याचा आकडा) ४०० ची काळी-पांढरी किंवा २०० ची रंगीत फिल्म घ्या.

भरताना एकच गोष्ट सांभाळा. फिल्मची जीभ उजवीकडच्या दांड्यात अडकवून झाकण लावलंत, की डावीकडची कळ हलकेच फिरवून ढील काढून घ्या. मग फिल्म पुढे सरकवताना ती कळ उलटी फिरते का बघा. फिरली तर फिल्म सरकते आहे. नाही फिरली तर तुम्ही छत्तीस वेळा हवा टिपणार आहात. के-१००० मध्ये आयएसओ लावायला शटरच्या चकतीची बाहेरची कडी उचलून फिरवावी लागते.

जुन्या मीटरवर आंधळा भरवसा नको. फोनमधल्या लाइट मीटर अ‍ॅपशी ताडून पाहा. आणि मीटर मेलेलाच असेल तर लख्ख उन्हात अ‍ॅपर्चर, म्हणजे लेन्सचं भोक, एफ १६ वर (आकडा मोठा तितकं भोक लहान) आणि आयएसओच्या जवळचा शटरचा वेग: ४०० ला १/५००, २०० ला १/२५०. ढगाळ असेल तर एफ ८, पावसाळी गच्च आभाळ असेल तर एफ ५.६, इमारतीच्या सावलीत एफ ४. शंका आली तर उजेड थोडा जास्त द्या. निगेटिव्ह फिल्म जास्त उजेड सोसते, कमी नाही. प्रत्येक फोटोचा आकडा, वेग, अ‍ॅपर्चर आणि जागा छोट्या वहीत लिहा. रोल धुऊन आला की कॅमेऱ्याचं काय बिघडलंय ते ही वहीच सांगेल.

आता त्या तीन सवयी काढा. पहिले बारा फोटो त्याच पद्धतीने काढा: गुडघ्यावर बसून, दाराकडे तोंड करून, जी काही तुमच्या माणसाची रीत असेल तशी. नक्कल म्हणा हवं तर, गाणं शिकणारे तेच करतात. पुढचे बारा मुद्दाम उलट. उरलेले मनासारखे. जांभळी नाक्याचा बाजार सकाळी या कामाला उत्तम, माणसं कामात असतात आणि कॅमेऱ्याकडे बघत नाहीत. खाडीवर फ्लेमिंगोंच्या मागे मात्र हा कॅमेरा घेऊन धावू नका. ५० एमएमच्या लेन्समध्ये ते गुलाबी ठिपके दिसतात. ऐरोलीला किंवा करावेच्या बाजूला गेलातच तर खारफुटी आणि दुर्बिणी लावून बसलेली माणसं टिपा.

त्याच जागी पुन्हा उभं राहणं

मला यात सगळ्यात जास्त मजा आली ती इथे. जुना एक फोटो निवडा आणि तो जिथून काढला ती नेमकी जागा शोधा. नवी मुंबई यासाठी फार चांगली, कारण ती वसवणाऱ्या सिडकोची स्थापनाच १९७०ची. आईच्या निगेटिव्हमधल्या वाशीत रुंद मोकळा रस्ता, चार इमारती आणि मागे डोंगर, एवढंच आहे. बेलापूरचं चार्ल्स कोरियांचं आर्टिस्ट व्हिलेजही बघण्यासारखं. रहिवाशांना हवी तशी वाढवता यावीत अशीच ती घरं आखली होती, आणि लोकांनी ती वाढवली.

पद्धत अशी. जुन्या फोटोत एक जवळची आणि एक लांबची न बदललेली गोष्ट शोधा: इमारतीचा कोपरा आणि डोंगराची खाच, कठडा आणि देवळाचा कळस. फोटोत त्या एकमेकींच्या कुठे येतात ते बघून ठेवा. जागेवर गेल्यावर जवळची वस्तू लांबच्या खुणेच्या मानाने उजवीकडे सरकलेली दिसली तर तुम्हीही उजवीकडे सरका, डावीकडे दिसली तर डावीकडे. जवळची वस्तू लांबच्या मानाने फार मोठी वाटली तर मागे जा. हे सगळं फक्त उभं राहण्याच्या जागेवर ठरतं, लेन्सवर नाही, म्हणून झूम करून ही चूक दुरुस्त होत नाही. लेन्स तीच असेल तर चौकटही आपसूक जुळते. उंची विसरू नका. वरून वाकून बघायच्या दोन लेन्सच्या कॅमेऱ्याने काढलेला फोटो छातीच्या किंवा पोटाच्या उंचीवरचा असतो.

सावल्यांवरून वेळ आणि ऋतू ठरवा. सावली त्याच दिशेला आणि तेवढीच लांब पडायला हवी, म्हणजे वर्षातल्या ठरावीक दिवसांतच तो फोटो जमतो. पारसिकच्या डोंगराची कड धरून चालाल तर जपून, तिथे खाणी खणलेल्या आहेत. आणि मूळ जागा आता कुणाच्या सोसायटीच्या आत गेली असेल तर जुना फोटो वॉचमनला दाखवा. ‘परवानगी आहे का’ या प्रश्नाला तो अर्जापेक्षा जास्त उपयोगी पडतो. वाशीला वॉचमनकाकांनी फोटो हातात घेऊन निरखला, आईला खुर्ची दिली, आणि मला सांगितलं, “मॅडम, झाड मध्ये येतंय. टाकीजवळून घ्या.” आई खुर्चीतूनच म्हणाली, “टाकीजवळून नको. मी तिथे नव्हते उभी.”

जमलेल्या दोन्ही फोटोंच्या पोस्टकार्ड साइझच्या कॉपी काढा. आजच्या चकचकीत कागदावर पेन्सिल उमटत नाही आणि बॉलपेनचा वळ पुढून दिसतो. मागच्या बाजूला, कडेला, पिगमेंट शाईच्या पेनने जागा, साल आणि फोटो काढणारीचं नाव लिहा. शाई पूर्ण वाळेपर्यंत त्यावर दुसरा फोटो ठेवू नका.